असे कु. छाया इंगोले हिने सांगितले

"इथं लोकायचं काम करतात नं मॅडम?"

दारात एक मुलगी उभी होती. मी त्या दिवशीची कात्रणं कुलगुरूंच्या फाइलमध्ये चिकटवत होते, बोटांना डिंक लागला होता, त्यामुळे मान वर न करताच विचारलं, "कुठलं काम?"

"बाहेर पाटीवर लिवलं हाय नं. जनसंपर्क."

मला हसू आलं. बारा वर्षं मी त्या पाटीच्या आत बसत होते आणि तिचा असा अर्थ लावून आत शिरलेली ती पहिलीच. विद्यापीठाच्या जनसंपर्क अधिकाऱ्याकडे जन कधी येत नाहीत. बातमीदार येतात, तेही चहाची वेळ बघून.

"ये, बस," मी म्हटलं. "जन आहेस तर बस."

तिचं नाव छाया इंगोले. विद्यापीठापासून ऐंशी किलोमीटरवरच्या एका तालुक्याच्या कॉलेजातून तिने त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चार साली, बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा दिली होती. सकाळी सहाच्या एसटीने आली होती. तिने पिशवीतून गुणपत्रिका काढली, टेबलावर ठेवून हाताने सरळ केली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. वाटेत मनाशी घोकत आली असावी.

संख्याशास्त्रात तिला पहिल्या वर्षी एक्याण्णव गुण होते, दुसऱ्या वर्षी अठ्ठ्याऐंशी. शेवटच्या वर्षी एकोणसाठ.

"होतं असं कधीकधी," मी म्हटलं. अशा मुली परीक्षा विभागात रोज पन्नास येत.

"होते नं मॅडम. पण एकाचं होते. आमच्या कॉलेजातल्या अडतीसच्या अडतीस जणायचं झालं." तिने वही उघडली. स्वच्छ अक्षरात अडतीस ओळी होत्या. "मी सगळ्यायच्या गुणपत्रिका मागून आणल्या. बाकीच्या पाच पेपरची सरासरी काढा, तितकेच मार्क संख्याशास्त्रात. कोणाचंबी पाहा."

मी तीन-चार ओळी पाहिल्या. मग पेन काढून पाचवी स्वतः करून पाहिली.

"मी हाच विषय शिकली मॅडम. असं आपोआप होत नसते," ती म्हणाली. "आमच्या पेपरायचा गठ्ठा हरवला हाय. आन् तुमी सरासरी देऊन मोकळे झाले."

'तुमी' म्हणजे विद्यापीठ हे मला कळलं, तरी ते मला लागलं.

पुण्याच्या एका नावाजलेल्या संस्थेत एम.एस्सी.ला तिची निवड झाली होती. प्रवेश परीक्षेत ती अकरावी आली होती. अट एकच, पदवीला प्रथम वर्ग हवा आणि गुणपत्रिका एकतीस जुलैच्या आत पोचायला हवी. त्या दिवशी पाच तारीख होती. साठ टक्क्यांना तिला नेमके पाच गुण कमी पडत होते.

"मले नव्वद नको," ती म्हणाली. "चौसष्ट भेटले तरी पुण्याले जाता येते. माहा एकटीचा पेपर पुन्हा घ्या म्हणा. उद्या घ्या, मी तयार हाय."

"मग परीक्षा विभागात का नाही गेलीस?"

"तीनदा गेली. खिडकीतूनच वापस करतात." तिने आणखी एक कागद काढला. संपादकांना लिहिलेलं पत्र होतं, दोन पानी. "हे पेपरात कुठं द्याचं असते, तेच विचाराले आली. तुमाले माहीत असन."

हे ती मला विचारत होती. विद्यापीठाचं वाईट काही छापून येऊ नये म्हणून पगार घेणाऱ्या बाईला. मी पत्र वाचलं. कुठे आरडाओरडा नव्हता, फक्त आकडे होते. हे पत्र ज्या दिवशी छापून येईल त्या दिवशी परीक्षा विभागाची झोप उडेल हे मला पहिल्या परिच्छेदातच कळलं.

"हे माझ्याकडे ठेव," मी म्हटलं, "आणि दहा मिनिटं बस."

परीक्षा नियंत्रक डॉ. काळमेघ यांचं ऑफिस वरच्या मजल्यावर होतं. मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली आणि मिटली.

"पोरगी हुशार दिसते," ते म्हणाले. "कोणाकोणाला सांगितलं तिनं?"

"मलाच."

"मग ठीक आहे." त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला. "हे पाहा बर्डे मॅडम, गठ्ठा केंद्रावरून निघाला आणि इकडे पोचला नाही. शोधायचा तितका शोधला. परीक्षा मंडळानं ठराव केला, सरासरी दिली. नियमात आहे ते. सदतीस पोरं खूश आहेत. त्यातले अकरा तर नापासच होणार होते, ते पास होऊन बसले. आता हिच्या एकटीची परीक्षा घेतली, की सगळ्या जिल्ह्यात बोंब, विद्यापीठानं पेपर हरवले म्हणून. पुढच्या महिन्यात मूल्यांकन समिती येऊन राहिली. तुम्हाला काय मी सांगावं?"

"पण तिची जागा जाईल सर."

"पाहू नं. तुम्ही ते पत्र तेवढं बाहेर जाऊ देऊ नका."

विद्यापीठात 'पाहू' म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक होतं. जिना उतरताना मी खरोखर अस्वस्थ होते. आणि शेवटच्या पायरीवर मला एक कल्पना सुचली. सुचली तशी मी स्वतःवर खूश झाले, हेही इथे लपवत नाही. कोणतीही अडचण आली की मला बातमी सुचायची.

मी परत येऊन छायाला म्हटलं, "हे बघ, पत्र छापलं तर सगळे तुझ्या अंगावर येतील. त्यापेक्षा आधी तुझं नाव होऊ दे. लहान गावातली मुलगी, राज्यातल्या हजारोंमधून अकरावी, पुण्याला निघाली. ही केवढी चांगली बातमी आहे! मी ती देते. तुझं कौतुक झालं की मग अर्ज कर. पेपरात फोटो आलेल्या मुलीला नाही म्हणणं कुणालाही जड जातं."

ती विचारात पडली. "आन् पत्र?"

"ते राहू दे. लागलं तर आहेच."

माझा स्वतःचा यावर विश्वास होता का? अर्धा होता. उरलेल्या अर्ध्याकडे मी पाहिलं नाही.

मग मी तिला प्रश्न विचारले आणि ती मोकळेपणाने बोलत गेली. वडील ती लहान असतानाच वारले होते. आई शिवणकाम करायची. ब्लाउजची मापं लिहून ठेवता ठेवता आपल्याला आकड्यांचा नाद लागला, असं म्हणून ती हसली. सरासरी म्हणजे काय हे तिला आईच्या मापाच्या वहीतून पहिल्यांदा कळलं होतं. इतकं चांगलं बोलणारा माणूस मला वर्षानुवर्षं भेटला नव्हता.

"आणि संख्याशास्त्राचा पेपर कसा गेला होता?"

"लय मस्त. चार मार्काचा एक सवाल राहिला फक्त."

तेवढं मी लिहून घेतलं नाही.

मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवर मी तिचा फोटो काढून घेतला आणि ती गेल्यावर बातमी लिहायला बसले. आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगते. बातमीत कुणीतरी काहीतरी म्हणावं लागतं, आणि विद्यापीठात सगळ्यांच्या वतीने मीच म्हणायचे. अमुक परिषदेत आपण काय म्हणालो, हे कुलगुरूंना दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बातमीतून कळायचं. परदेशी पाहुणे माझ्या मराठीत आभार मानायचे. सुवर्णपदकाच्या मुली आईवडिलांना श्रेय द्यायच्या ते माझ्याच शब्दांत. बारा वर्षांत एकानेही तक्रार केली नव्हती. उलट, आपण इतकं छान बोलतो हे वाचून माणसं खुशीत असायची.

त्या सवयीनेच मी शेवटचा परिच्छेद लिहिला. 'विद्यापीठाने माझ्या कष्टांचे चीज केले. परीक्षा विभागाने दिलेल्या निकालाबद्दल मी पूर्णपणे समाधानी आहे, असे कु. छाया इंगोले हिने सांगितले.'

गुरुवारी बातमी आली. जिल्हा पानावर, चार कॉलम, फोटोसकट. बोबडे नावाचा बातमीदार माझी बातमी जशीच्या तशी लावायचा, त्यानेही लावली. दुपारी छायाचा फोन आला. गावातल्या टेलिफोन बूथवरून बोलत होती, मागे लोकांचा गलका ऐकू येत होता.

"मॅडम, सरपंच आले होते घरी. शाळेत सत्कार ठेवला. आई रडूनच रायली सकाळपासून."

"बघ! मी म्हटलं होतं ना?"

"हो. मॅडम, ते शेवटचं मात्र मी म्हटलं नव्हतं. निकालाचं."

"अगं, ते असंच लिहितात," मी म्हटलं. "सगळ्यांचं मीच लिहिते. कुलगुरूंचंसुद्धा."

ती हसली. माझ्यावर विश्वास ठेवून हसली, हे मला आज कळतं. त्या वेळी मी पुढच्या फोनकडे वळले.

दुसऱ्याच दिवशी तिने एकटीच्या फेरपरीक्षेचा अर्ज दिला. देण्याआधी तो मला आणून दाखवला. मी तिच्या अर्जातली भाषा थोडी मऊ करून दिली. अर्ज तक्रार निवारण समितीकडे गेला आणि सुनावणीला सव्वीस तारीख मिळाली. मध्ये दोनदा तिने फोन केला. दोन्ही वेळा मी म्हटलं, काळजी करू नकोस.

सव्वीसला सकाळी मी ऑफिस उघडते न उघडते तोच काळमेघ सरांचा फोन वाजला. "मॅडम, ते इंगोलेच्या पोरीचं कात्रण आणा बरं समितीत. मूळ कात्रण, झेरॉक्स नको."

मी फोन ठेवला. कशासाठी मागवलंय हे विचारायची गरज नव्हती. कात्रण सापडत नाही असं सांगता आलं असतं. पण माझ्या फाइलमधलं कात्रण सापडत नाही असं बारा वर्षांत कधी झालं नव्हतं, आणि हा लौकिक मला प्रिय होता. मी फाइल घेतली आणि निघाले.

समितीच्या खोलीबाहेर बाकावर छायाची आई बसली होती. बारीक, काटक बाई. मला तिने आधी कधी न पाहताही ओळखलं असावं, कारण लगेच उठून उभी राहिली.

"तुमीच नं त्या मॅडम?" पिशवीतून तिने प्लॅस्टिकचं आवरण चढवलेलं कात्रण काढलं. "एक घरी भिंतीले लावलं हाय. हे पोरीसंगं पुण्याले जाईन. तिथं कोणी विचारलं तू कोण, त दाखवता येते."

"बसा मावशी," मी म्हटलं आणि आत गेले.

समितीत तिघं होते, पण बोलत होते ते अध्यक्ष, डॉ. श्रीखंडे. निवृत्त प्राचार्य, माणूस सज्जन. त्यांच्या डावीकडे काळमेघ. टेबलाच्या या बाजूला छाया, वही घेऊन. मी भिंतीकडेच्या खुर्चीत बसले. बोलायला तिला दहा मिनिटं दिली होती, तिला पाचच लागली. अडतीस ओळी, सरासरी, पुण्याची अट, पाच गुण, एकतीस तारीख. श्रीखंडे सर पुढे झुकून ऐकत होते. मध्ये त्यांनी चष्मा काढून वहीचं पान जवळ धरलं आणि म्हणाले, "हे तू एकटीनं केलंस?" तेव्हा मला वाटलं, जमलं. एका पेपरची परीक्षा, दोन दिवसांत तपासणी, सहज होण्यासारखं होतं.

"मुलीचं म्हणणं विचार करण्याजोगं आहे काळमेघ," ते म्हणाले.

"आहे सर. पण एवढं एक पाहून घ्या," म्हणत काळमेघांनी माझ्याकडे हात केला. मी उठून फाइल दिली. उघडून दिली, पान काढून दिलं.

श्रीखंडे सरांनी शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचला. मग पुन्हा मनात वाचला.

"बाळ, अठरा दिवसांपूर्वी तू निकालाबद्दल पूर्ण समाधानी होतीस. असं इथे लिहिलंय."

"मी असं नाई म्हटलं सर."

"मग कोण म्हणालं? तुझा फोटो आहे, तुझं नाव आहे. इतक्या दिवसांत तू वर्तमानपत्राला कळवलंस का, की हे माझं म्हणणं नाही?"

"नाई."

"म्हणजे हे खोटं असूनही तू चालू दिलंस? सत्कार घेतलास?" ते रागावले नव्हते, त्यांना वाईट वाटलं होतं. "की खरं होतं, आणि आता पुण्याची अट आड आली म्हणून बदललं? मला नीट सांग. कोणी लिहिलं हे?"

छायाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

फार वेळ नाही पाहिलं. त्या पाहण्यात माझ्यावर आरोप नव्हता. ती वाट पाहत होती. दोन वाक्यांचं काम होतं. सर, ते मी लिहिलंय. ती असं बोलली नव्हती. एवढं म्हटलं असतं तर माझी नोकरी गेली नसती. चारचौघांत मान खाली गेली असती, काळमेघ सर वर्षभर बोलले नसते, आणि कुलगुरूंसह सगळ्यांना कळलं असतं की मी माणसांच्या तोंडी वाक्यं घालते. ते तर सगळ्यांना माहीतच होतं. पण ते मोठ्याने म्हणावं लागलं असतं, आणि तेवढंच माझ्याच्याने झालं नाही. मी हातातल्या पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

तिने मान पुन्हा समोर केली.

"म्हटलं असन सर," ती हळू आवाजात म्हणाली. "माह्या लक्षात नाई."

तिने मला वाचवलं. वीस वर्षांची मुलगी, जिचं सगळं त्या टेबलावर पडलं होतं, तिने माझं नाव घेतलं नाही. तिने ते का घेतलं नाही याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पुराव्याशिवाय बोलायचं नाही अशी तिची शिस्त असेल. किंवा तिला वाटलं असेल, मॅडमनी सांगितलं नाही म्हणजे मॅडमची काही अडचण असेल. मला ह्यातलं दुसरं जास्त खरं वाटतं, आणि तेच जास्त सहन होत नाही.

निर्णय तिथेच झाला. विद्यार्थिनीने निकालाबाबत यापूर्वी जाहीर समाधान व्यक्त केलेले असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. श्रीखंडे सरांनी सही करताना तिच्याकडे पाहिलं नाही.

बाहेर आलो तेव्हा तिच्या आईजवळ बोबडे उभा होता. सुनावणीचा त्याला कुठून तरी सुगावा लागला होता, त्याने वही काढलेलीच होती.

"काय झालं मॅडम?"

"अर्ज निकाली निघाला," मी म्हटलं.

आईला शब्द कळला नाही. "निकाली म्हणजे झालं नं काम?" तिने लेकीला विचारलं. छायाने नुसता तिचा हात धरला.

"बरं, मुलीची काही प्रतिक्रिया?" बोबडेने छायाकडे पाहिलं. "बोल नं. दोन ओळी पायजेत फक्त. अन्याय झाला म्हणतेस का? तसं असन त तसं छापू, घाबरू नको."

तो खरंच छापणार होता. मी बोबडेला ओळखत होते, मोठी बातमी समोर आली की तो माझंही ऐकत नसे. दार अजून उघडं होतं आणि ते तिच्यासमोर होतं.

छायाने वही पिशवीत ठेवली. आईच्या हातातलं ते कात्रण घेऊन तेही आत ठेवलं.

"मॅडमले विचारा," ती म्हणाली. "माह्यं बोलणं त्याच सांगतात."

टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. ती थकली होती, आणि जे आहे ते सांगत होती. बोबडे माझ्याकडे वळला. त्याचं पेन कागदावर टेकलं होतं. मागे काळमेघ सर दारात येऊन उभे राहिले होते.

यावर मी बरीच वर्षं एक समजूत करून घेतली होती, की मी गोंधळले होते. मी गोंधळले नव्हते. वाक्य मला लगेच सुचलं, नेहमीसारखंच, आणि मी ते नीट, त्याला लिहून घेता येईल अशा गतीने सांगितलं. "समितीने माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. समितीचा निर्णय मला मान्य आहे."

बोबडेने लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. "बरोबर?"

"बरोबर," छाया म्हणाली.

तिच्या आईने मला हात जोडले. मग दोघी एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागल्या. आई काहीतरी विचारत होती आणि मुलगी मान हलवत होती. पुण्याला ती गेली नाही. पुढे तालुक्याला शिकवण्या घेते असं कुणीतरी सांगितलं, त्यापलीकडे मी चौकशी केली नाही. तिचं ते दोन पानी पत्र माझ्याकडेच राहिलं होतं, ते तिने परत मागितलं नाही.

ती सव्वीस जुलै होती. एकतीस तारखेला अजून पाच दिवस होते, श्रीखंडे सरांचं घर माझ्या जायच्या-यायच्या रस्त्यावर होतं, बोबडेचा नंबर मला पाठ होता. त्या पाचही दिवशी मी वेळेवर ऑफिसला गेले.